खाटेशेजारचं शास्त्र

विंचू चावून माणूस मरतो, हे कोकणातल्या घराघराला ठाऊक होतं. पेंढ्याच्या उडवीत, चुलीजवळच्या लाकूडफाट्यात, चिऱ्याच्या भिंतीच्या फटीत तांबडा विंचू असायचाच. चावला की मांत्रिकाकडे न्यायचं, तो विंचू उतरवायचा, आणि बहुतेक वेळा तो उतरायचाही, कारण बहुतेक दंशांत नुसती आग होते आणि ती आपली आपण शमते. ज्यांचा उतरत नसे त्यांच्या शरीरात पुढच्या काही तासांत काय घडतं, हे मात्र फारसं कुणी बसून पाहिलेलं नव्हतं. १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि त्यांनी ते पाहिलं. आधी उलटी होते. मग घाम सुटतो, इतका की अंगावरचे कपडे आणि खालचं अंथरूण भिजून जातं. हातपाय गार पडतात. पुरुषांत आणि मुलग्यांत लिंगाला ताठरता येते. ही खूण एरवी संकोचाने झाकली गेली असती, पण जीव धोक्यात आहे हे सांगणाऱ्या पहिल्या खुणांपैकी ती एक आहे. रक्तदाब चढतो, नाडी धावू लागते, आणि मग फुप्फुसांत पाणी भरतं. तोंडाला गुलाबी फेस येतो तेव्हा हाताशी वेळ जवळजवळ उरलेला नसतो.

हे सगळं क्रमाने, वेळेसकट टिपून ठेवल्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. माणूस मरतो तो विषाने फुप्फुसं थेट निकामी होऊन मरत नाही. विंचवाचं विष मज्जातंतूंना असं काही चेतवतं की शरीर स्वतःचंच ॲड्रेनलिनसारखं रसायन भरमसाट ओतू लागतं. त्या वादळात रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय त्या दाबापुढे हरतं. मग उपाय हवा तो या आवळलेल्या रक्तवाहिन्या सोडवणारा. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी नेमकं तेच करते. बावस्करांचा प्राझोसिनवरचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याआधी गंभीर लक्षणं असलेल्या रुग्णांतले तीस टक्क्यांच्या आसपास दगावत. गोळी वेळेवर मिळू लागली तेव्हा हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. एम.डी. झाल्यावरही ते शहरात राहिले नाहीत, परत त्याच डोंगराळ मुलखात आले, आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह काम करत राहिले. २०११ साली या दोघांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सत्तर रुग्णांचे दोन गट करून एकाला नुसतं प्राझोसिन दिलं, दुसऱ्याला प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरची लसही दिली. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२, पहिल्या गटात ३५ पैकी ८. ज्या गोळीने नाव मिळवून दिलं तिच्यावरच ताण करणारा उपाय तपासून, त्याचा निकाल स्वतः छापून मोकळं होणं, हे मला त्या मूळ शोधाइतकंच मोठं वाटतं.

वैद्यकातल्या माणुसकीविषयी लिहायला बसलं की आपल्याकडे हात आपसूक दुसरीकडे वळतो. त्याग, सेवा, देवमाणूस, फी न घेणारे डॉक्टर, मध्यरात्री दार उघडणारे डॉक्टर. दिवाळी अंकांनी अशी व्यक्तिचित्रं भरभरून छापली आहेत आणि त्यांतली काही उत्तम आहेत. पण त्यांतून एक गैरसमज पक्का झाला आहे: शास्त्र एका बाजूला, माणुसकी दुसऱ्या बाजूला, शास्त्राने रोग बरा होतो, माणुसकीने रोग्याला बरं वाटतं. बिरवाडीची गोष्ट या वाटणीत बसत नाही. तिथे रुग्णाशेजारी रात्रभर बसणं हेच संशोधन होतं. घाम पुसता पुसता हाताला लागलेला गारवा ही नोंद होती. माझं म्हणणं एवढंच आहे की माणुसकी हा निदानाचा आणि उपचाराचा कामकाजाचा भाग आहे. ती एक पद्धत आहे, जिच्यात विचारणं, हात लावून पाहणं आणि पुढे काय झालं हे कळेपर्यंत तिथे थांबणं येतं. आणि डॉक्टरला आपल्या कामात जो अर्थ सापडतो म्हणतात, तोही बहुतांशी या थांबण्यातून येतो.

हे म्हणणं गोड आहे म्हणून खरं मानू नये, पुरावा पाहावा. १९७५ साली हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या एका बाह्यरुग्ण विभागात ८० नवे रुग्ण घेतले आणि प्रत्येक टप्प्यावर डॉक्टरांचं निदान लिहून ठेवलं: चिठ्ठी वाचून आणि रुग्णाची हकिगत ऐकून झाल्यावर एकदा, तपासल्यावर एकदा, चाचण्या आल्यावर एकदा. ८० पैकी ६६ जणांत हकिगत ऐकून झालेलं निदानच शेवटपर्यंत टिकलं. आता यंत्रं खूप पुढे गेली आहेत, तो आकडा आज तसाच येईल असं नाही. पण कोणती चाचणी मागवायची हे अजूनही हकिगतच ठरवते. आणि ती हकिगत किती ऐकली जाते? १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटी ध्वनिमुद्रित केल्या. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टरने त्याला सरासरी १८ सेकंदांत तोडलं होतं; आपलं सुरुवातीचं सांगणं पुरं करू शकले ते फक्त १७ जण. म्हणजे निदानाचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचं साधन आपण अठराव्या सेकंदाला खाली ठेवतो, आणि मग एमआरआयच्या रांगेत जाऊन उभे राहतो.

न विचारण्याची किंमत केवढी असते हे १९८९ साली गडचिरोलीने दाखवलं. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा जननेंद्रियांचा एक तरी विकार होता. सरासरी एकीला साडेतीनच्या वर. त्याआधी त्यासाठी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका होत्या आठ टक्के. हा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला तेव्हा जगाला धक्का बसला, कारण तोवर खेड्यातल्या गरीब बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धोरणकर्त्यांना दिसत होतं. यातल्या ४५ टक्के बायकांनी आपण होऊन कसलीच तक्रार सांगितली नव्हती. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, हे बाईच्या जन्माचंच आहे असं मानून त्या ते सोसत होत्या. गावात जाऊन, विश्वास मिळवून, तपासायला बाई डॉक्टर ठेवून हा प्रश्न विचारला गेला नसता तर तो रोग आकडेवारीत अस्तित्वातच नव्हता. इथे संवेदना आणि साथरोगशास्त्र यांत रेघ कुठे ओढायची, मला सांगता येणार नाही.

आता पहिला आक्षेप, आणि तो सोपा नाही. गोड बोलणारे भोंदू आपल्याकडे काय कमी आहेत? लोकांना बरं वाटतं ते गोड बोलण्याने, म्हणून तर ते बुवा-बाबांकडे जातात. मग तुमची माणुसकी आणि त्यांची यांत फरक काय? टेड काप्चुक यांच्या गटाने २००८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या आक्षेपाला खरं तर बळच देतो. आतड्यांच्या जुनाट तक्रारीचे २६२ रुग्ण; एका गटाला नुसतं थांबवून ठेवलं, दुसऱ्याला खोटं ॲक्युपंक्चर फारसं न बोलता दिलं, तिसऱ्याला तेच खोटं ॲक्युपंक्चर, पण आपुलकीने, वेळ देऊन, नीट ऐकून घेऊन. पुरेसा आराम पडला म्हणणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के निघाले. सुई खोटी, आराम खरा. यावरून वागणुकीचा परिणाम मोजता येतो एवढं सिद्ध होतं. पण ती दुखणी अशी होती की ज्यांत रुग्णाला काय वाटतं हेच मोजमाप असतं. तांबड्या विंचवाने चावलेल्या मुलाच्या फुप्फुसातलं पाणी आपुलकीने ओसरत नाही. भोंदू आणि डॉक्टर यांतला फरक म्हणूनच ‘थांबण्या’त आहे. भोंदू बरं वाटलेल्यांची नावं सांगतो, बाकीच्यांचं पुढे काय झालं हे तो मोजत नाही. मांत्रिक विंचू उतरवतो, पण न उतरलेल्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी वही घेऊन जात नाही.

वहीचं महत्त्व कळतं ते नवजात बाळांच्या बाबतीत. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत नेमल्या: गावातल्याच, बेताचं शिकलेल्या बाया. त्यांनी बाळंत झालेल्या बाईच्या घरी ठरलेल्या दिवशी जायचं, बाळाचं वजन घ्यायचं, अंग गार पडलंय का, दूध ओढतंय का, श्वास कसा चालतोय हे पाहायचं, आणि जंतुसंसर्गाच्या खुणा दिसल्या तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं. बेताच्या शिकलेल्या बाईने चार दिवसांच्या बाळाला सुई टोचावी ही कल्पना भल्याभल्यांना झोप उडवणारी वाटावी अशीच होती. म्हणून शेजारच्या ४७ गावांशी तुलना ठेवली होती. कार्यक्रमाच्या गावांत हजारी ६२ नवजात मृत्यू होत, ते १९९७-९८ पर्यंत २५ वर आले. तुलनेच्या गावांत ते साठच्या आसपासच राहिले. याच भागात न्यूमोनिया ओळखण्यासाठी जे साधन वापरलं गेलं ते पाहण्यासारखं आहे. मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी: बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबडा मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया. पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजणं ज्या सुईणीला जड जातं, तिच्या हातात याने निदान आलं. पण ते यंत्र चालायचं असेल तर कुणीतरी पूर्ण एक मिनिट बाळाच्या उघड्या पोटाकडे नजर लावून बसावं लागतं, त्याला पर्याय नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूने येतो, आणि त्यातली चीड मला समजते. वेळ कुठे आहे? १९१ नंबरचा रुग्ण दारात उभा असताना हकिगत काय ऐकायची? २०१७ साली ६७ देशांतल्या भेटींच्या कालावधीचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात प्राथमिक उपचाराची भेट स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटांची, भारतात साधारण दोन मिनिटांची, आणि बांगलादेशात पाऊण मिनिटाची निघाली. दोन मिनिटांत माणुसकी करा म्हणणं ही थट्टा आहे. हे मान्य करूनही एक पुरावा पुढे ठेवावा लागतो. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातल्या खेड्यांत प्रशिक्षित माणसं रुग्ण म्हणून पाठवली. सरकारी दवाखान्यात गर्दी नसतानाही भेट दोन-अडीच मिनिटांतच आटोपत होती. आणि तेच सरकारी डॉक्टर आपल्या खाजगी दवाखान्यात अधिक वेळ देत होते, अधिक प्रश्न विचारत होते. याचा अर्थ सरकारी डॉक्टर दगड असतात आणि खाजगी डॉक्टर संत, असा नाही. माणूस तर तोच होता! सकाळी त्याच्याकडे जे नव्हतं ते संध्याकाळी कुठून आलं? तर रुग्ण परत येतो की नाही याने संध्याकाळी फरक पडत होता. सेवाभावी लेखनाला हे रुचणार नाही, पण पैसा नेहमीच माणुसकीचा वैरी असतो असं नाही. पुढे काय झालं याच्याशी डॉक्टरचं काही देणंघेणं उरतं की नाही, यावर बरंच अवलंबून असतं.

अर्थात पैसा दुसऱ्या टोकाला गेला की तोच देणंघेणं बदलून टाकतो. याच बावस्करांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवलं तेव्हा तपासणी केंद्राकडून त्यांना १२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी तो गुपचूप बँकेत भरला नाही, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली आणि ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्द वर्तमानपत्रांत आला. कट प्रॅक्टिसचं नैतिक वाईटपण सगळे सांगतात. मला तिचं वैद्यकीय वाईटपण अधिक घातक वाटतं. चाचणीची चिठ्ठी लिहिताना डॉक्टरच्या डोक्यात दोन कारणं असतील तर हळूहळू त्यालाच कळेनासं होतं की त्यातलं खरं कुठलं. निदान करणारा अवयव म्हणजे शेवटी डॉक्टरचं लक्ष. ते भाड्याने दिलं की परत मिळत नाही. लाखोंची फी भरून खाजगी महाविद्यालयातून बाहेर पडलेला, कर्जाचे हप्ते फेडणारा पंचविशीतला मुलगा या भाडेकरूला नाही म्हणू शकेल अशी अपेक्षा करणं सोपं आहे. त्याला नाही म्हणता येईल अशी परिस्थिती ठेवणं अवघड, आणि ते आपण करत नाही.

तिसरा आक्षेप जुना आहे. विल्यम ऑस्लर यांनी १८८९ साली फिलाडेल्फियात नव्या डॉक्टरांना निरोप देताना समचित्त राहण्याचा उपदेश केला होता; रुग्णाच्या दुःखात वाहून जाणारा डॉक्टर त्याच्या उपयोगाचा नसतो. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी हात थरथरून चालत नाही, हे कोण नाकारेल? पण लक्ष आणि भावविवशता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिरवाडीच्या नोंदींत हुंदके नाहीत, रक्तदाबाचे आकडे आहेत. बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या ज्या अभ्यासाची नेहमी चर्चा होते, त्यात फुप्फुसांचा पसरलेला कर्करोग असलेले १५१ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच परिहार सेवा दिली: वेदना, भूक, भीती यांबद्दल बोलणारं पथक. तुम्हाला काय हवं आहे, किती कळून घ्यायचं आहे, हे विचारणारं पथक. या गटाचं जगणं अधिक सुसह्य झालं, शेवटच्या दिवसांतले जोरकस उपचार कमी झाले, आणि आयुष्य ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने मिळालं. २०१० चा हा अभ्यास. कमी उपचारांनी अधिक जगणं, हे गणित कुणा हळव्या माणसाने मांडलेलं नाही. भारतातलं पहिलं हॉस्पिस, ‘शांती आवेदना सदन’, १९८६ साली वांद्र्याला उभं राहिलं आणि पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. तरी आजही बहुतेक घरांत ‘आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या’ या वाक्यानंतर डॉक्टर दिसेनासा होतो. करण्यासारखं पुष्कळ असतं. फक्त ते करणारा कुणी नेमलेला नसतो.

यातून निवासी डॉक्टरांचा प्रश्न समोर येतो, आणि इथे माणुसकीचे गोडवे गाणाऱ्यांनी थोडं जपून बोलावं. सलग ड्यूटी, अपुरी वसतिगृहं, आणि वर नातेवाइकांचा मार. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१० सालीच केला, तरी २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. अशा मुलांना ‘सेवाभाव ठेवा’ सांगणं म्हणजे त्यांच्या पिळवणुकीला उदबत्ती ओवाळणं आहे. अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचे धडे आले, हे चांगलंच झालं. पण संवादाचा तास संपवून विद्यार्थी ज्या वॉर्डात जातो तिथे एका खाटेवर दोन रुग्ण असतील, तर तो तासातला आणि वॉर्डातला यांपैकी कोणता धडा लक्षात ठेवील? मेयो क्लिनिकमधल्या ४६५ डॉक्टर-अध्यापकांचा २००९ चा एक अभ्यास आहे. आपल्याला सर्वांत अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामाला ज्यांना आठवड्यातला एक दिवसही मिळत नव्हता, त्यांच्यातले ५४ टक्के थकून, करपून गेलेले होते. ज्यांना तेवढा मिळत होता, त्यांच्यात हे प्रमाण ३० टक्के होतं. आणि बहुसंख्यांना अर्थपूर्ण वाटणारं काम कोणतं? रुग्ण पाहणं. म्हणजे रुग्णाला वेळ देणं हा डॉक्टरच्या खिशातून जाणारा दानधर्म आहे, हीच समजूत चुकीची निघते. तो वेळ गेला की डॉक्टरचंही काहीतरी जातं.

उरतो तो देवमाणसांचा आक्षेप: बावस्कर काय, बंग काय, ही माणसं शतकात एखादी, त्यांच्यावर व्यवस्था उभी राहत नाही. जामखेडने याचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं ते दुष्काळी भागात, आणि भार टाकला तो गावातल्याच बायांवर. अनेक जणी निरक्षर, कित्येक दलित. त्या घरोघर जात, कारण त्यांचं घर त्याच आळीत होतं. बालमृत्यूंचं प्रमाण १९७१ मध्ये हजारी १७६ होतं, ते पाच वर्षांत ५२ वर आलं, आणि १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्याची जी कल्पना जगाने स्वीकारली तिच्यामागच्या मोजक्या प्रयोगांत जामखेडचं नाव होतं. या बायांना देवमाणूस कुणी म्हटलं नाही. त्यांना एक काम, एक ठरलेला दिवस आणि चुकलं तर विचारणारं कुणीतरी दिलेलं होतं.

गडचिरोलीतल्या आरोग्यदूतांचं काम २०११ पासून देशभरच्या ‘आशा’ स्वयंसेविकांकडे आलं आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत घरी सहा भेटी, घरी झालं असेल तर सात. दर भेटीत बाळाचं वजन, ताप, श्वास, आईचं अंगावरून जाणं, सगळं फॉर्मवर. सरकारी आरोग्य योजनांमधून रुग्णालयांना शस्त्रक्रियांचं ठरलेलं पॅकेज मिळतं. समजावून सांगण्याचं, शेजारी बसण्याचं पॅकेज त्या यादीत शोधून सापडत नाही. शेजारी बसण्याचा दर सरकारने स्वच्छ लिहून ठेवला आहे तो आशांच्या या भेटींसाठी: सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की एका बाळामागे २५० रुपये. महाराष्ट्रातल्या आशा २०२१ मध्ये संपावर गेल्या, २०२३ मध्ये गेल्या, २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा गेल्या.